नाव नसलेली तबकडी

१९९८च्या सुमारास आम्ही तिघे पुण्यातील एका वसतिगृहाच्या खोलीत राहत होतो. तिघांनी वर्गणी काढून एक वापरलेला संगणक घेतला होता. घरी कारण अर्थातच अभ्यासाचे सांगितले होते. खरे कारण निराळे होते. त्या संगणकाला सीडी ड्राइव्ह होता, आणि स्वतंत्र सीडी प्लेअर घेण्याची आमच्यापैकी कोणाचीच ऐपत नव्हती. पहिली तबकडी मागून आणलेली होती, भीमसेन जोशी यांच्या अभंगांची. खण आत सरकला, क्षणभर घरघर झाली आणि कोणतीही कळ न दाबता गाणे सुरू झाले. पडद्यावर एक लहानशी चौकट उघडली. काळ्या पट्टीवर मिनिटे आणि सेकंद सरकत होते, आणि खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या: ‘न्यू आर्टिस्ट’, ‘न्यू टायटल’. पंचाहत्तरी उलटलेल्या पंडितजींना संगणक ‘नवा कलावंत’ म्हणत होता. आम्ही पोटभर हसलो.

दुसऱ्या दिवशी फजिती आमची झाली. तबकडी परत करण्यापूर्वी गाणी उतरवून घ्यावीत असे ठरले. संगणकात उघडून पाहिली, तर नऊ गाण्यांच्या नऊ फाइली, आणि प्रत्येकीचा आकार जेमतेम एक केबी! एवढी थोर गाणी एवढ्याशा जागेत मावतात याचे नवल करीत आम्ही त्या एका फ्लॉपीवर घेतल्या, आणि आमच्यातला एकजण सुटीत ती फ्लॉपी घेऊन नाशिकला गेला. तेथे त्याच्या मामेभावाच्या संगणकावर त्यातून एक स्वरही निघाला नाही. पुढे कळले की त्या फाइली फक्त ४४ बाइटच्या असतात. कितवे गाणे, तबकडीवर कोठे सुरू होते आणि किती वेळ चालते, एवढाच मजकूर त्यांत असतो. आम्ही नाशिकला गाणी नेली नव्हती, गाण्यांचे पत्ते नेले होते. पाऊण तासाचे ते गाणे खरोखरच उतरवायचे, तर सुमारे सव्वातीनशे फ्लॉप्या लागल्या असत्या.

या दोन्ही गमतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, हे ध्यानात यायला आम्हांला बरीच वर्षे लागली. संगीताच्या सीडीवर गाणे होते, गाण्याचा पत्ता होता, पण गाण्याचे नाव नव्हते. ही उणीव दिसली ती संगणकामुळे, आणि ती भरून काढली ती श्रोत्यांनी. त्या भरपाईचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे. वरकरणी तो तंत्रज्ञानाच्या इतिहासातला वाटेल. पण ज्यांचा व्यवहार ग्रंथ, पाठ आणि कर्तृत्व यांच्याशी आहे, अशा आपल्यासारख्यांनाही त्याची दखल घ्यावी लागेल, असे आम्हांस वाटते.

*

सीडीचे प्रमाण फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये निश्चित केले. ज्या दस्तऐवजात ते लिहिले आहे, त्याला मुखपृष्ठाच्या रंगावरून ‘रेड बुक’ म्हणतात. तबकडीचा व्यास १२ सेंटीमीटर. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यावयाचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहावयाचा. लेखन आतून सुरू होऊन बाहेर उलगडत जाणाऱ्या सर्पिल रेषेत, आणि एका तबकडीवर जास्तीत जास्त ९९ भाग. तबकडीच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. प्रत्येक भाग कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आणि सेकंदाच्या कितव्या पंचाहत्तरांशाला सुरू होतो, हे तिच्यात नोंदलेले असते. इतकी काटेकोर अनुक्रमणिका क्वचितच कोणत्या ग्रंथाला असेल. मात्र या अनुक्रमणिकेत फक्त पृष्ठक्रमांक आहेत, प्रकरणांची नावे नाहीत.

हा विसरभोळेपणा म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला, तेव्हा तो दिवाणखान्यात ठेवायचा होता. त्याच्या दर्शनी पट्टीवर आकडे दिसले की पुरे होते. नावे वाचायला श्रोत्याच्या हाती तबकडीची डबी होती, डबीत पुस्तिका होती. नाव कागदावर आणि नाद तबकडीवर, अशी ती वाटणी होती. ती लाँगप्लेच्या काळापासून चालत आली होती. फरक इतकाच की लाँगप्लेचे वेष्टन १२ इंचांचे होते आणि सीडीची पुस्तिका १२ सेंटीमीटरची. आकडा तोच राहिला, माप बदलले, आणि त्यात पुष्कळ मजकूर गाळला गेला. कंपनीचा तेरा अंकी क्रमांक आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा संकेतांक तबकडीवर नोंदवण्याची सोय प्रमाणात होती, पण ती ऐच्छिक होती. नावे लिहिण्याची ‘सीडी टेक्स्ट’ नावाची पद्धत १९९६ मध्ये आली. तोवर कोट्यवधी तबकड्या निनावी छापून झाल्या होत्या. शिवाय तिच्या लिपींत देवनागरीला जागा नव्हती.

येथे थोडे मागे जाऊ. नाद एका हाती आणि नाव दुसऱ्या हाती पडण्याचा धोका आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच पिढीने ओळखला होता. फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी भारतात मुद्रित झालेल्या तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथल्या कारागिरांना ना भाषा ठाऊक, ना गायिका. तेव्हा गाणे संपता संपता गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. कोणाची तबकडी कोणती हे कारखान्यात कळावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगतात. त्या काळच्या इतर गायक-गायिकांच्या तबकड्यांवरही असे नामोच्चार ऐकू येतात. तीनेक मिनिटांच्या तबकडीतली काही क्षणांची जागा त्यांनी नावासाठी राखून ठेवली होती, आणि म्हणूनच आज लेबल फाटलेल्या तबकडीवरचा आवाजही आपली ओळख आपण सांगतो.

योगायोग असा की ऐंशी वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी छापल्या गेल्या त्या याच हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन येथील कारखान्यात. त्या स्वीडनच्या ‘आबा’ या गायकसंचाच्या होत्या. एकाच गावाच्या परिसरातून ध्वनीच्या दोन युगांचा आरंभ झाला. पहिल्या युगातला आवाज आपले नाव सांगत जगभर गेला, दुसऱ्यातला नाव न सांगता. नामोच्चाराची ही जाण आमच्या परंपरेत याहूनही जुनी आहे. संतांनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा गुंफली ती केवळ अभिमानापोटी नव्हे. ज्या काव्याचा प्रवास मुखोमुखी व्हायचा, त्याचे नाव काव्याबाहेर ठेवले तर ते गळून पडणार, हे व्यावहारिक शहाणपण त्यात होते.

*

संगणकाचा प्रवेश झाला आणि कागद व तबकडी यांची जुनी वाटणी विस्कटली. सीडीवर ध्वनीऐवजी माहिती साठवण्याचे प्रमाण ऐंशीच्या दशकात ठरले, आणि नव्वदच्या दशकात संगणकाला सीडी ड्राइव्ह असणे ही साधारण गोष्ट झाली. या ड्राइव्हच्या तोंडाशी बहुधा कानातले फोन जोडण्याचे भोक आणि आवाज कमीजास्त करण्याचे चाक असे. गंमत अशी की त्या काळात गाणे वाजताना संगणक ते गाणे ऐकतच नसे. ड्राइव्ह स्वतःच आकड्यांचा ध्वनी करी आणि तो एका बारीक वायरीवाटे साउंड कार्डाकडे जाई. संगणकाचे काम ‘वाजव’, ‘थांब’, ‘पुढचे’ असे सांगण्यापुरते. ती वायर जोडायची राहून गेली, तर पडद्यावर सेकंद सरकत राहत आणि खोलीत शांतता असे. आमच्या संगणकाचेही पहिल्या दुरुस्तीनंतर हेच झाले होते.

पण दिवाणखान्यातल्या यंत्राजवळ नव्हती अशी एक वस्तू या मुक्या मध्यस्थाजवळ होती, ती म्हणजे पडदा. आणि पडद्यावर ‘न्यू आर्टिस्ट’ असे लिहिलेले सतत डोळ्यांपुढे राहिले, की ते बदलावेसे वाटतेच. विंडोजच्या त्या प्लेअरमध्ये नावे भरण्याची सोय होती. एकदा टंकली, की ती संगणकातल्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहत, आणि तीच तबकडी पुन्हा घातली की नावे उमटत. एका रविवारी आम्ही बसून नऊ अभंगांची नावे रोमन लिपीत भरली. ती आमच्यापुरतीच होती. शेजारच्या खोलीतल्या मुलाला तेच काम पुन्हा करावे लागे.

हे काम एकदाच करून सर्वांनी वाटून घ्यावे, ही कल्पना त्याआधीच एकाला सुचली होती. युनिक्सच्या संगणकांवर सीडी वाजवण्यासाठी ‘एक्सएमसीडी’ नावाचा प्रोग्रॅम टी कान यांनी लिहिला होता. त्याच्यासोबत तबकड्यांच्या नावांची यादी येई, आणि श्रोते आपापल्या तबकड्यांची नावे टंकून ईमेलने पाठवीत. १९९३च्या सुमारास सुरू झालेल्या या यादीचे स्टीव्ह शर्फ यांच्या साहाय्याने आंतरजालावरील कोशात रूपांतर झाले. त्याचे नाव सीडीडीबी. निनावी तबकडी ओळखायची कशी, यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा चतुर होता. गाण्यांची संख्या, प्रत्येकाच्या आरंभाची वेळ आणि एकूण लांबी यांवरून एक आठ अक्षरी संकेत काढायचा आणि कोशात तो शोधायचा. माणसाला चेहऱ्याने न ओळखता त्याच्या पावलांतील अंतरावरून ओळखावे, तसा हा प्रकार. क्वचित दोन वेगळ्या तबकड्यांचा संकेत एकच निघे, पण बहुतेकदा ओळख पटे.

आमच्या घरी टेलिफोनवरून आंतरजालाची जोडणी आली ती २००२ मध्ये. तोवर आमच्या मालकीची झालेली तीच अभंगांची तबकडी आम्ही घातली. मोडेमचे किंचाळणे संपले आणि काही सेकंदांत नऊ नावे पडद्यावर उतरली. दोन अभंगांच्या नावांची अदलाबदल झाली होती. ‘व’साठी एके ठिकाणी व्ही होता, दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यू. म्हणजे हे काम यंत्राचे नव्हते. जगाच्या पाठीवर कोठेतरी कोणा मराठी माणसाने हीच डबी हाती धरून एकेक नाव टंकले होते. त्याचे नाव मात्र कोठेच नव्हते. अशा नोंदींत ती कोणत्या सॉफ्टवेअरमधून आली हे लिहिलेले असे, कोणी भरली हे नसे. आपल्या जुन्या पोथ्यांचे लेखनिक निदान पुष्पिकेत स्वतःचे नाव, गाव, तिथी लिहीत, आणि पाठ दुखली, मान मोडली अशी तक्रारही करीत. या नव्या लेखनिकांनी तेवढेही केले नाही.

*

पुढची कथा सुखाची नाही. सीडीडीबी १९९८ मध्ये एका कंपनीच्या मालकीची झाली, २००० मध्ये तिचे नाव ‘ग्रेसनोट’ झाले, आणि २००१ मध्ये परवाना न घेतलेल्या सॉफ्टवेअरांना तिचे दार बंद झाले. जी नावे श्रोत्यांनी फुकट भरली, ती वाचण्यासाठी आता करार लागू लागला. २००८ मध्ये सोनीने ही कंपनी २६ कोटी डॉलरना विकत घेतली. तबकडीचे प्रमाण ठरवताना जिने नावासाठी बंधनकारक जागा ठेवली नव्हती, त्याच कंपनीने ती नावे श्रोत्यांच्या श्रमातून उभी राहिल्यावर मोल देऊन घेतली. मोल अर्थातच श्रोत्यांना मिळाले नाही. त्यानंतरही ही मालकी दोनदा बदलली. जुन्या कोशाच्या खुल्या नोंदी घेऊन काही जणांनी ‘फ्रीडीबी’ नावाचा पर्याय उभारला. तो सुमारे वीस वर्षे चालला आणि २०२० मध्ये बंद पडला.

मालकीच्या प्रश्नाहून आम्हांला अधिक बोचणारा प्रश्न या कोशाच्या रचनेचा आहे. सीडीडीबीत प्रत्येक तबकडी अकरा वर्गांपैकी एकात घालावी लागे. ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जाझ, मिसलेनियस, न्यू एज, रेगे, रॉक आणि साउंडट्रॅक, हे ते अकरा वर्ग. आता अभंग कोठे घालावा? भीमसेनांचा गळा शास्त्रोक्त म्हणून क्लासिकलमध्ये, की वारकऱ्यांची संपत्ती म्हणून फोकमध्ये? बहुतेक जण कंटाळून ‘मिसलेनियस’ म्हणत. सातशे वर्षांच्या परंपरेला ‘इतर’ हे घर मिळाले.

वर्ग एक वेळ सोडून देऊ. नावाच्या रकान्याचे काय करायचे? तेथे रचना होती ‘कलावंत, तिरपी रेघ, शीर्षक’. एका तबकडीला एक कलावंत हे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात बऱ्याच अंशी खपून जाते, कारण तेथे गाणारा गट अनेकदा स्वतःच गाणे लिहितो. बेथोव्हेनच्या रसिकांना मात्र तेथेही हीच अडचण आली. कलावंत कोण, रचनाकार की वाद्यवृंदाचा संचालक? मराठी भावगीतात तर कर्तृत्व मुळातच तिघांचे असते: कवी, संगीतकार, गायक. ‘अभंग तुकयाचे’ घ्या. शब्द तुकोबांचे, चाली श्रीनिवास खळे यांच्या, आवाज लता मंगेशकरांचा. एका रकान्यात तिघांपैकी कोणाला बसवायचे? ‘गीतरामायण’ १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, तेव्हा छप्पन्न गीतांचा कवी म्हणून ग. दि. माडगूळकरांचे नाव घराघरांत पोचले. सुधीर फडके यांच्या आवाजातली तबकडी संगणकात गेली, की रकान्यात फडक्यांचे नाव येणार, आणि ते योग्यच आहे. पण माडगूळकरांना तेथे जागा उरत नाही. पुरवणी मजकुराची सोय कोशात होती, पण बहुतेक प्लेअर ती दाखवीत नसत. आणि जे दिसत नाही, ते कोणी भरीत नाही.

याला लिपीची जोड मिळाली. आरंभी या कोशात पश्चिम युरोपच्या भाषांची लिपीच चाले. युनिकोड स्वीकारण्याची सोय नंतर झाली, तोवर मराठी नावे रोमनमध्ये भरण्याची सवय पडून गेली होती. त्यामुळे एकाच गीताची चार स्पेलिंगे, आणि चार ठिकाणी चार वेगळी गाणी असल्याचा भास. पाठभेदांशी खेळणाऱ्या आपल्या वाचकांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.

पुढे संगणक तबकडीवरचे आकडे स्वतःच वाचू लागला, गाणी एमपीथ्रीच्या फाइलींत उतरवली जाऊ लागली, आणि कोशातली नावे त्या फाइलींना जशीच्या तशी चिकटली. एका तबकडीवर दीडशे गाणी भरून पदपथावर विकणाऱ्यांकडे तर पुस्तिका नावाचा प्रकारच नव्हता. कवीचे नाव जे एकदा रकान्याबाहेर पडले, ते फाइलींच्या या प्रचंड पसाऱ्यातही बाहेरच राहिले. आज भ्रमणध्वनीवर एखादे भावगीत ऐकताना गायकाचे नाव ठळक दिसते आणि कवीचे शोधावे लागते. या व्यथेचा एक धागा त्या तिरप्या रेघेपर्यंत जातो, असे आम्हांस वाटते.

कंपन्यांना तबकडीवर काही नवे घालणे शक्यच नव्हते असेही नाही. नक्कल रोखण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. २००२ मध्ये तर अशा संरक्षित तबकड्यांची कुलपे कडेवर साध्या मार्कर पेनाने रेघ ओढून निघतात, असे उघडकीस आले आणि सगळ्यांची करमणूक झाली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही तबकड्या विंडोजच्या संगणकात घातल्या की एक छुपा प्रोग्रॅम संगणकात शिरून दडून बसतो, हे मार्क रुसिनोविच यांनी दाखवून दिले. गदारोळ झाला आणि कंपनीला त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या. हे प्रकरण येथे सांगण्याचे कारण एवढेच, की तबकडीवर पहारेकऱ्याला जागा काढता आली, नावाला ती मिळाली नाही.

*

आता सीडी ड्राइव्ह असलेला नवा संगणक शोधावा लागतो. आमच्या तिघांपैकी एकाकडे बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह आहे, आणि तो आळीपाळीने तिघांच्या घरी फिरतो. मागच्या दिवाळीत तो आमच्याकडे होता, तेव्हा आम्ही जुन्या तबकड्यांची खोकी काढून बसलो. कित्येक डब्या तडकल्या होत्या, काहींत पुस्तिका नव्हत्या. एका तबकडीची डबीच नव्हती. तबकडीवर छापलेला मजकूरही झिजून गेला होता. भावगीते होती. गायिका आवाजावरून ओळखली, चालीवरून संगीतकाराचा अंदाज बांधला. दोन गीतांचे कवी मात्र कोण, हे त्या रात्री आम्हांला सांगता आले नाही.

‘म्युझिकब्रेन्झ’ नावाचा एक कोश रॉबर्ट के यांनी २००० मध्ये, सीडीडीबीचे दार बंद होत असतानाच्या काळात सुरू केला. तो एका ना-नफा संस्थेकडे आहे आणि त्यातील मूळ माहिती सार्वजनिक मालकीची म्हणून खुली ठेवलेली आहे. रचना वेगळी, तिचे ध्वनिमुद्रण वेगळे आणि ते ज्या तबकडीवर आले ती वेगळी, असा विवेक त्यात आहे. गीतकार, संगीतकार, गायक, साथीदार यांना स्वतंत्र जागा आहेत, आणि देवनागरीही चालते. एकाच कृतीचे अनेक पाठ निरनिराळे नोंदवून त्यांचा परस्परसंबंध दाखवणे, हे ज्यांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पाने चाळली आहेत, त्यांना अपरिचित वाटणार नाही. तेथल्या मराठी नोंदी भरणारही शेवटी श्रोतेच आहेत.

आमच्या वाचकांत साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी बहुसंख्य आहेत, म्हणून एक सुचवणी करून थांबतो. आपल्या घरात, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात भावगीतांच्या, अभंगांच्या, नाट्यपदांच्या तबकड्या पडून असतील. त्यांच्या पुस्तिका अजून वाचता येतात. त्या समोर ठेवून कवीचे नाव तरी कोठेतरी नीट लिहून ठेवावे. त्या निनावी तबकडीवरील दोन कवींपैकी एक आम्हांला पुढे सापडला, एका निवृत्त प्राध्यापकांच्या वहीत. त्यांनी आकाशवाणी ऐकता ऐकता तारीख घालून ते टिपून ठेवले होते. दुसऱ्याचा शोध चालू आहे.